औषध अर्ध्यावर सोडू नका!

दसरा उलटला की आपल्या बीड जिल्ह्यातली गावं ओस पडू लागतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत सुटका नाही. परत यायचं ते पाडव्याच्या मागेपुढे.

आता क्षयाचा हिशेब पाहा. साध्या क्षयाचं औषध सहा महिने घ्यावं लागतं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. श्रावणात सुरू झालेलं औषध अर्ध्यावर येतं न येतं, तोच टोळी निघते.

बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे

तोवर खोकला थांबलेला असतो, भूक लागू लागते. बाईला वाटतं, आता गोळ्या कशाला? इथंच घात होतो. जंतू दबलेले असतात, मेलेले नसतात. औषध मध्येच तोडलं की उरलेले जंतू त्याच औषधाला दाद देत नाहीत आणि पुढचा उपचार जास्त लांबतो, जास्त त्रासाचा होतो.

खरं तर कोपीवरही औषध चालू राहू शकतं. सरकारी दवाखान्यात प्रत्येक रुग्णाची ‘निक्षय’ नोंद असते. निघण्याआधी आशाताईंना सांगितलं, तर नव्या ठिकाणच्या सरकारी दवाखान्यातून तेच औषध फुकट मिळतं. सकस आहारासाठी 2018 पासून महिना 500 रुपये मिळत. नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. त्यासाठी बँकेत खातं मात्र हवं.

सासरी कळलं तर?

ही भीती तर औषधापेक्षा कडू! पुष्कळ सुना गोळ्या लपवून घेतात आणि लपवता लपवता चुकवतात. अहो, क्षय ताटवाटीतून पसरत नाही. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो. औषध नियमित सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत लागणीचा धोका पुष्कळ कमी होतो. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध तोडायचंही कारण नाही. घरातल्या मंडळींची तपासणी मात्र जरूर करून घ्यावी.

गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये. पण डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात, तर लगेच डॉक्टरांकडे जावं. घरात कुणी दारू पिणारा रुग्ण असेल, तर त्याला ती बंद करायला लावा. यकृताला दुहेरी मार बसतो. आणखी एक गोष्ट बायकांना क्वचितच कुणी सांगतं : या औषधांमुळे संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. तेव्हा डॉक्टरांना विचारून दुसरा उपाय योजावा.

आणि मैत्रिणींनो, आपल्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई दोन आठवड्यांहून जास्त खोकत असेल, तर तिला कामावरून काढू नका. थुंकी तपासायला पाठवा आणि त्या दिवसाचा पगार कापू नका.