बिनगिअरची सायकल घरात चालवताना

पावसाळ्यात कळवणकडचे रस्ते चिखलाचे झाले की सायकल ओट्यावर पडून राहते. मग ती स्टँडवर लावून पायडल मारू नका. स्टँड आपला भार पेलायला नसतो, चाकही मोकळंच फिरतं. त्यासाठी ट्रेनर मिळतो. त्याच्या चौकटीत मागच्या चाकाचा एक्सल आवळतात, टायरला रूळ टेकतो आणि पायांना जोर लागतो. गिअर नसला तरी अडत नाही. वेग वाढवला की जड, कमी केला की हलकं. नटाचं चाक ट्रेनरमध्ये बसतं का, हे घेण्याआधीच बघा. फिक्स गिअरच्या सायकलीत चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतात, म्हणून पाय एकदम रोखू नका, वेग हळूहळू उतरवा. पदर खोचा. लेकरांची बोटं चाकात, साखळीत जाणार नाहीत एवढं जपा.