बर्फावरचं नाव टिकतं कसं?

फर्दापूरच्या तिठ्यावर खासगी गाड्या थांबतात आणि तिथून बस आपल्याला चारेक किलोमीटरवरच्या अजिंठा लेण्यांपाशी नेऊन सोडते. दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, जॉन स्मिथ हे नाव आणि एप्रिल १८१९ मधली तारीख कोरलेली आहे. मद्रास फौजेतल्या या इंग्रज अधिकाऱ्याने ते कोरलं तेव्हा लेण्यात एवढा दगडमातीचा भराव साचला होता की आज उंच दिसणारी ती जागा त्याच्या हाताशी होती. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र या भिक्षूचा. दान देणाऱ्यांची नावं राहिली, नाव खरवडणाऱ्या शिपाईगड्याचंही राहिलं. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी ज्याच्या कुंचल्यातून उतरला, त्याचं नाव मात्र आपल्यापर्यंत पोहोचलं नाही.

चित्रकाराचं निदान काम तरी टिकलं. खेळाडूचं काम चार मिनिटांत संपतं. बर्फावर नाचणाऱ्या स्केटरने काढलेल्या रेघाही पुढच्या गटाच्या आधी यंत्र फिरवून पुसून टाकतात. तरीही काही स्केटर शंभर वर्षांनंतर लोकांच्या तोंडी आहेत, आणि ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेले कित्येक जण दहा वर्षांत विसरले गेले. हे घडतं कसं, ते नीट उलगडून पाहण्यासारखं आहे, कारण आपल्या मल्लखांबाला त्यातून बरंच घेता येईल.

आधी खेळ समजून घेऊ. फिगर स्केटिंगच्या बुटाखालचं पातं जेमतेम चार मिलिमीटर रुंद असतं. त्याच्या तळाला लांबीभर बारीक खोबण असते, त्यामुळे एकाच पात्याला दोन धारा मिळतात, एक पायाच्या आतल्या बाजूची आणि एक बाहेरची. पुढच्या टोकाला दाते असतात. स्केटर सरळ उभा फारसा राहतच नाही. तो सतत या ना त्या धारेवर झुकलेला असतो आणि म्हणून त्याची वाट वळणदार होते. उडी कोणत्या धारेवरून घेतली, दाते टेकवले की नाही, तोंड पुढे होतं की मागे, यावरून उडीचा प्रकार ठरतो. हवेत गेल्यावर हात छातीशी घट्ट घेतले की शरीर वेगाने गरगरतं, उतरताना हात पसरले की वेग मंदावतो. चार गिरक्यांच्या उडीला हवेत मिळतो तो वेळ एका सेकंदाहूनही कमी. त्यात वर जायचं, फिरायचं, थांबायचं आणि एका पायावर, उलट्या दिशेने घसरत उतरायचं.

आता या उड्यांची नावं पाहा. अ‍ॅक्सल, साल्कोव्ह, लुट्झ. ही तिन्ही माणसांची नावं आहेत. नॉर्वेच्या अ‍ॅक्सल पॉलसेनने १८८२ मध्ये व्हिएन्नात पुढे तोंड करून उडी घेतली आणि मागे तोंड करून उतरला. म्हणून या उडीत नेहमी अर्धी गिरकी जास्त असते आणि म्हणूनच ती सर्वांत अवघड मानतात. स्वीडनच्या उलरिक साल्कोव्हने दहा वेळा जगज्जेतेपद आणि १९०८ चं ऑलिम्पिक सुवर्ण मिळवलं. ती दहा पदकं आज कुणाला आठवतात? पण कोणत्याही स्पर्धेत निवेदक एकदा तरी ‘साल्कोव्ह’ म्हणतोच. ऑस्ट्रियाच्या अलोइस लुट्झची गोष्ट तर याहून बोलकी आहे. त्याच्या नावावर जगज्जेतेपद नाही, तो ऐन तारुण्यात वारला. १९१३ मध्ये त्याने एक उडी घेतली आणि आज जगभरातली मुलं सकाळी सहाला रिंगणात उतरून त्याचं नाव घेत पडतात, उठतात. नाव टिकवण्याची माझ्या मते ही सर्वांत भक्कम पद्धत आहे: तुमची हालचाल पुढच्याला शिकावी लागते आणि शिकताना तुमचं नाव घ्यावं लागतं.

गुणांनी हे काम होत नाही. पूर्वी परीक्षक ६ पैकी गुण देत. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये जोडी स्केटिंगच्या निकालात परीक्षकांच्या संगनमताचा आरोप झाला, शेवटी दोन जोड्यांना सुवर्ण द्यावं लागलं, आणि त्यानंतर सगळी पद्धतच बदलली. आता प्रत्येक उडीला, गिरकीला ठरावीक मूळ गुण असतात. ती किती सफाईने झाली यावर उणे पाच ते अधिक पाच अशी श्रेणी लागते. रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य यांचे गुण वेगळे. ही पद्धत अधिक न्याय्य आहे यात मला शंका नाही. मात्र तिचे नियम आणि मूळ गुण वरचेवर बदलतात, त्यामुळे आजचा विक्रम उद्याच्या आकड्यांशी ताडूनच पाहता येत नाही. आकडा लोकांच्या लक्षात राहत नाही.

मग काय राहतं? १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये १५ वर्षांच्या तारा लिपिन्स्कीने सुवर्ण जिंकलं, मिशेल क्वान दुसरी आली. २००२ मध्ये क्वानला कांस्य मिळालं. ऑलिम्पिक सुवर्ण तिला कधीच मिळालं नाही. तरी पाच जागतिक विजेतेपदं आणि नऊ अमेरिकी विजेतेपदं एवढा दीर्घ काळ ती लोकांसमोर होती. एक पिढी तिच्यासोबत मोठी झाली. त्याच नागानोत फ्रान्सच्या सूर्या बोनालीने, पदकाची आशा संपल्यावर, मागे कोलांटी मारून एका पायावर उतरून दाखवलं. ती कोलांटी नियमाने बंद होती, गुण कापले जाणार हे तिला ठाऊक होतं. ती दहावी आली. त्या स्पर्धेतले बरेच क्रमांक आज धूसर झालेत, बोनालीची उडी मात्र अजून दाखवली जाते, आणि २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने ती बंदीही उठवली.

याच्या पुढची गोष्ट म्हणजे एखादं सादरीकरण अख्खंच्या अख्खं स्मरणात राहणं. इंग्लंडच्या जेन टॉरव्हिल आणि ख्रिस्तोफर डीन यांनी १९८४ मध्ये सारायेव्होत रॅव्हेलच्या ‘बोलेरो’वर आइस डान्स केला. नियमानुसार वेळ चार मिनिटं दहा सेकंद, आणि त्यांना हवा असलेला संगीताचा तुकडा काही सेकंदांनी लांब. त्यांनी नियम बारकाईने वाचला. घड्याळ सुरू होतं पातं बर्फाला टेकलं की. मग दोघांनी सुरुवात गुडघ्यांवर बसून केली. पाती बर्फाला टेकू न देता अंग डोलवत राहिले आणि त्यानंतर उठले. ही युक्ती नृत्याचा सर्वांत देखणा भाग ठरली. कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी पूर्ण ६ गुण दिले. इंग्लंडमध्ये कोट्यवधी लोकांनी ते दूरदर्शनवर पाहिलं, आणि आजही ते नृत्य पहिल्या सेकंदापासून पाहता येतं. ते टिपलं गेलं नसतं तर आपल्या हाती नऊ आकड्यांपलीकडे काही उरलं नसतं.

चित्रीकरणाची ताकद सर्वांत आधी ओळखली ती नॉर्वेच्या सोन्या हेनीने. १९२८, १९३२ आणि १९३६ अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकून ती हॉलिवूडमध्ये गेली आणि जिथे कधी बर्फ पडत नाही अशा गावांतही तिचं स्केटिंग पडद्यावर पोहोचलं. बर्लिनमध्ये तिने हिटलरला नाझी पद्धतीने सलाम केला होता, तेही तिच्या देशवासीयांनी विसरायचं नाकारलं. स्मृती टिकते तेव्हा डागही टिकतात.

जपानच्या युझुरु हान्यूपाशी मात्र थोडं थांबावंच लागेल, कारण वरच्या सगळ्या गोष्टी एका माणसात एकत्र आलेल्या मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. ११ मार्च २०११ रोजी जपानला भूकंप झाला तेव्हा १६ वर्षांचा हान्यू सेंदाई शहरातल्या रिंकमध्ये सराव करत होता. पायातले स्केट न काढताच तो बाहेर पळाला. पुढचे काही दिवस कुटुंबाने निवारा केंद्रात काढले. रिंक बंद पडला, म्हणून तो देशभरातल्या आइस शोंमधून फिरत, मिळेल त्या बर्फावर सराव करत राहिला. तीन वर्षांनी सोचीत त्याने सुवर्ण जिंकलं. पुरुषांच्या स्केटिंगमधलं आशियाचं ते पहिलं. २०१८ च्या प्योंगचांग स्पर्धेच्या काही महिने आधी घोटा जायबंदी झाला होता. तरीही त्याने सुवर्ण राखलं. सलग दोन सुवर्णं याआधी अमेरिकेच्या डिक बटनने १९४८ आणि १९५२ मध्ये मिळवली होती, म्हणजे मध्ये ६६ वर्षं गेली.

प्योंगचांगला सुवर्ण जिंकताना हान्यूने जे सादर केलं त्याचं नाव ‘सेइमेई’. हेइआन काळातल्या आबे नो सेइमेई या मांत्रिक-ज्योतिषाची ती कथा. परदेशी संगीतावर नाचण्याचा प्रघात असलेल्या खेळात त्याने आपल्या मातीतली व्यक्तिरेखा उभी केली. जपानी प्रेक्षकाला ती हाताची पहिली मुद्रा पाहताच ओळखू येत होती. २०२२ मध्ये बीजिंगला तिसरं सुवर्ण समोर असताना त्याने स्पर्धेत तोवर कुणालाही न जमलेली साडेचार गिरक्यांची अ‍ॅक्सल घ्यायची ठरवली. तो पडला. चौथा आला. सुरक्षित खेळला असता तर कदाचित पदक मिळालं असतं, पण लहानपणापासून ज्या उडीचं स्वप्न पाहिलं ती घ्यायचीच, हा त्याचा निर्णय होता, आणि मला तो योग्य वाटतो. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या इलिया मालिनिनने ती उडी पूर्ण केली. पहिला मान मालिनिनचा, हे निर्विवाद. तरी त्या उडीची गोष्ट सांगणारा माणूस हान्यूपासूनच सुरुवात करतो. सेंदाईच्या त्या रिंकला हान्यूने पुढे मोठ्या देणग्या दिल्या, तेही त्याच्या गोष्टीचा भाग आहे.

आणि डिक बटन? तो २०२५ मध्ये वारला तोवर अमेरिकेतल्या दोन-तीन पिढ्यांनी त्याला स्केट करताना पाहिलंही नव्हतं. त्यांनी त्याचा आवाज ऐकला होता. पहिली दुहेरी अ‍ॅक्सल आणि पहिली तिहेरी उडी ज्याची, तोच पुढे कित्येक दशकं दूरदर्शनवर बसून लोकांना स्केटिंग कसं पाहायचं ते शिकवत राहिला.

आता आपल्याकडे वळू. मल्लखांब हाही डोळ्यांनी पाहायचा, परीक्षकांनी तोलायचा, शरीराच्या वळणांचा खेळ. साडेआठ फुटांच्या आसपास उंचीचा, वर निमुळता होत गेलेला, एरंडेल तेल लावलेला लाकडी खांब. सर्वांत वर बोंड, त्याखाली मान, त्याखाली अंग. उडी घेऊन, डोकं खाली आणि पाय वर करून, मांड्यांच्या पकडीत खांब धरायचा ती अढी. स्केटर दोन धारांवर तोल सांभाळतो, मल्लखांबपटू मूठभर बोंडावर मयूरासन करतो. सौंदर्यात आणि अवघडपणात हा खेळ कुठेही उणा नाही, हे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

या खेळाचा एक दंतकथा झालेला पुरुष आपल्याकडे आहेच: बाळंभटदादा देवधर. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्यात आले, त्यांचं आव्हान कुणी घेईना, तेव्हा तरुण बाळंभटदादांनी ते स्वीकारलं; सप्तशृंगीच्या गडावर उपासना करताना वानराच्या हालचालींतून त्यांना मल्लखांबाची दृष्टी मिळाली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. इतिहास किती आणि श्रद्धा किती हे वेगळं काढणं अवघड आहे. पण वरची जुळणी इथेही दिसते. कठीण प्रसंग आहे, नवी हालचाल आहे आणि पुढे नेणारे शिष्य आहेत. कोंडभटनाना गोडबोले आणि त्यांच्यानंतरच्या गुरूंनी दादांचं नाव आखाड्याआखाड्यांत पोहोचवलं, म्हणून दोनशे वर्षांनी ते आपल्याला ठाऊक आहे.

त्यांच्यानंतर मात्र माळ तुटते. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली. हेनीने तिसरं सुवर्ण जिंकलं त्याच वर्षी, त्याच देशात. त्या चमूतल्या एका तरी मुलाचं नाव आज शाळेतल्या पोराला सांगता येईल? मल्लखांबाच्या प्रकारांचंही तसंच. बगली, सुईदोरा, वेल ही त्यांची नावं पकडीवरून, आकारावरून पडली. तो प्रकार पहिल्यांदा कुणी केला याची खूण त्यांत नाही. अलीकडे चित्र थोडं बदलतंय. २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. हिमानी परब आणि सागर ओव्हाळकर यांना अर्जुन पुरस्कार मिळाले, आणि आयुष्यभर हा खेळ शिकवणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ ची पद्मश्री. पण पुरस्कार सरकार देतं. नाव लोकांच्या तोंडी बसायला आणखी काही लागतं.

जिम्नॅस्टिक्समध्ये त्यासाठी सरळ नियम आहे. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नवीन हालचाल पहिल्यांदा यशस्वी करणाऱ्याचं नाव तिला मिळतं आणि ते नियमपुस्तकात छापलं जातं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये आगरतळ्याच्या दीपा कर्माकरने ‘प्रोडुनोव्हा’ उडी मारली तेव्हा रशियाच्या येलेना प्रोडुनोव्हाचं नाव आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचलं, ते या नियमामुळेच.

मल्लखांबाच्या संघटनांनी असा नियम करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. राष्ट्रीय किंवा जागतिक स्पर्धेत नवी अढी, नवी उडी दिसली की तिची नोंद खेळाडूच्या नावाने व्हावी. अंतिम फेरीतले संच नीट प्रकाशात, पूर्ण लांबीचे चित्रित करून सर्वांसाठी खुले ठेवावेत. निवृत्त खेळाडूंना निवेदनाला बसवावं, म्हणजे पाहणाऱ्याला अढी आणि बगली यांतला फरक कळेल. वाचकहो, तुमच्याही हाती एक काम आहे. तुमच्या गावच्या जत्रेत, शाळेच्या संमेलनात किंवा गणपतीच्या मांडवापुढे मल्लखांबाचं प्रात्यक्षिक झालं तर नुसत्या टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. मुलाचं किंवा मुलीचं नाव, गुरूचं नाव आणि तारीख विचारून लिहून ठेवा.