दांतांची छाया

"दांताचा फोटो काढावा लागेल," असें दंतवैद्यानें सांगितलें कीं एकत्र कुटुंबांत ताबडतोब दोन पक्ष पडतात. वडील मंडळींस वाटतें, जे किरण अंगांतून आरपार जातात ते अंगास बाधल्यावांचून कसे राहतील? तरुण मंडळी म्हणतात, दांत दुखो वा न दुखो, एकदां सगळ्या तोंडाचा फोटो काढून टाकावा, म्हणजे काम झालें. आम्हांस दोन्ही मतें अर्धवट वाटतात. ह्या विद्येचा इतिहास ज्यानें ऐकला आहे, तो इतक्या सरसकट भिणारही नाहीं आणि इतका निर्धास्तही राहणार नाहीं.

ता. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्ट्सबुर्ग येथें प्रोफेसर विल्हेल्म राँटगेन ह्यांस निर्वात नळींतून विजेचा प्रवाह सोडीत असतां कांहीं अपरिचित किरणांचा शोध लागला. त्यांचें स्वरूप उमगेना, म्हणून बीजगणितांतील अज्ञात राशीचें अक्षर त्यांनीं त्या किरणांस दिलें. आपल्याकडे तेंच 'क्ष' झालें. राँटगेन ह्यांस १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक मिळालें. शोधाचें पेटंट मात्र त्यांनीं घेतलें नाहीं. तेव्हां ज्यास नळी मिळाली तो प्रयोग करूं लागला.

त्यांत दंतवैद्य मागें नव्हते. जानेवारी १८९६ मध्यें, म्हणजे शोधाची बातमी प्रसिद्ध होऊन पंधरवडा लोटतो न लोटतो तोंच, ब्राउनश्वाइग येथील ओटो वाल्कहॉफ ह्यांनीं स्वतःच्या दाढांचें चित्र घेवविलें. फोटोची कांच काळ्या कागदांत व रबरांत गुंडाळून ती तोंडांत धरावयाची, आणि २५ मिनिटें निश्चल पडून राहावयाचें! आज हेंच काम सेकंदाच्या अल्पशा अंशांत होतें. चित्र अस्पष्ट होतें. परंतु जिवंत माणसाच्या हिरडीखालीं काय आहे तें चिरफाड केल्यावांचून डोळ्यांस दिसूं शकतें, एवढें त्यानें सिद्ध केलें.

ह्यास आपण फोटो म्हणतों खरें, पण वस्तुतः ती छाया आहे. नळी गालाच्या बाहेर, फिल्म तोंडाच्या आंत, आणि मध्यें दांत. जेथें कॅल्शियम दाट आहे तेथें किरण अडतात व फिल्म पांढरी राहते. जेथें तें विरळ आहे तेथें किरण पलीकडे पोंचून फिल्म काळी करतात. म्हणून दाढेंत भरलेली चांदी शुभ्र दिसते, एनॅमल त्याखालोखाल, त्याच्या आंतील दांताचा भाग करडा, आणि ज्या पोकळींत शीर असते ती काळी. कीड लागणें म्हणजे कॅल्शियम झिजून जाणें. अर्थात् किडलेली जागाही काळीच. दोन दाढा एकमेकींस जेथें चिकटतात तेथील कीड आरशानें सहसा दिसत नाहीं. ती दिसावी म्हणून अमेरिकेंतील हॉवर्ड रेपर ह्यांनीं १९२५ सालीं फिल्मला दांतांखालीं चावून धरावयाचा एक पंख जोडला. युक्ति साधी, पण ती अद्यापि चालू आहे.

संस्कृतांत पक्षी, ब्राह्मण व दांत ह्या तिघांसही द्विज म्हणतात, हें आम्ही वर्गांत पुष्कळदां सांगितलें. परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या जबड्याची छाया पाहावी, म्हणजे त्या शब्दाची यथार्थता पटते. दुधाच्या दांतांच्या मुळांपाशीं कायमचे दांत हाडांत दडून आपल्या पाळीची वाट पाहत असतात. एखादा मुळांत नसेलच, तर तेंही तेव्हांच कळतें.

आतां ज्यांच्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्यांची हकीकत. एडमंड केल्स हे न्यू ऑर्लिन्स येथील नामांकित दंतवैद्य. अमेरिकेंत जिवंत रोग्याच्या दांतांचें क्ष-किरण चित्र घेणाऱ्यांत ते अगदीं पहिले, सन १८९६. त्या काळच्या नळ्या मोठ्या लहरी. आंतील वायूचें प्रमाण बदले, तसा किरणांचा जोर कमीजास्त होई. तो अजमावण्याची रीत अशी, कीं नळी आणि चमकणारा पडदा ह्यांच्या मध्यें वैद्यानें स्वतःचा हात धरावयाचा. हाडें स्पष्ट दिसलीं कीं नळी ठीक. रोग्यास किरण लागत ते एखाददुसऱ्या वेळीं. केल्स ह्यांच्या हातास ते दर रोग्यामागें लागत, आणि हें वर्षानुवर्षें चाललें. किरण दिसत नाहींत, लागतांना जाणवतही नाहींत. त्यांचा हिशेब फार उशिरां होतो. केल्स ह्यांच्या हातास कर्करोग झाला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. आधीं बोटें गेलीं, मग हात, मग दंड. अखेर १९२८ सालीं त्या यातनांत त्यांनीं आत्मघात केला.

कोणी सावध केलें नव्हतें काय? केलें होतें. बोस्टन येथील दंतवैद्य विल्यम रोलिन्स ह्यांनीं १९०१ सालींच गिनीपिगांवर प्रयोग करून हे किरण प्राणघातक होऊं शकतात असें प्रसिद्ध केलें. नळीभोंवतीं शिशाचें आवरण असावें हेंही सांगितलें. त्या वेळीं फारसें कोणी ऐकलें नाहीं. पुढें १९१३ सालीं विल्यम कूलिज ह्यांनीं भरंवशाची नळी तयार केली आणि हात धरून पाहण्याची गरजच उरली नाहीं. १९८७ सालीं फ्रान्समध्यें फ्रान्सिस मूयेन ह्यांची फिल्मशिवाय चित्र घेण्याची युक्ति बाजारांत आली. किरण आणखी कमी लागूं लागले.

आज दांताच्या एका लहान चित्रास बहुधा दहा मायक्रोसीव्हर्टहून कमी किरण लागतात. पृथ्वीवर नुसतें राहण्यानें, माती, हवा, अन्न व आकाश ह्यांतून माणसास वर्षास सरासरी २४०० मायक्रोसीव्हर्ट मिळतात. म्हणजे एक चित्र हें फार तर एकदोन दिवसांच्या सहज जगण्याएवढें. गर्भवती सुनेच्या दाढेंत पू झाला असेल तर भीतीनें चित्र टाळून दुखणें वाढूं देणें हेंच अधिक अपायकारक. दिवस गेले आहेत हें मात्र वैद्यास आधीं सांगावें. अमेरिकन डेंटल असोसिएशननें तर २०२४ सालीं, दांतांच्या चित्रासाठीं शिशाचें वस्त्र पांघरण्याची गरज नाहीं, असें सांगितलें. जबड्याचें सर्व बाजूंनीं घन चित्र घेणारें नवें यंत्र आहे, त्याची गोष्ट निराळी. त्यास लहान चित्राच्या कित्येक पट किरण लागतात. तें सुचविल्यास, "ह्यानें उपचारांत काय फरक पडेल?" असें विचारण्यास संकोच करूं नये.

राहिला तरुण पक्ष. चित्र काढलें म्हणजे निकाल लागला, हें त्यांचें म्हणणें केल्स ह्यांनींच खोडून काढलेलें आहे. १९१० नंतर संधिवातादि अनेक रोगांचें मूळ दांतांच्या मुळाशीं लपलेल्या पुवांत आहे असें मत फोफावलें. चित्रांत मुळाशीं काळी छटा दिसली कीं डॉक्टर दांत उपटण्याचा हुकूम सोडीत, आणि दंतवैद्य तो पाळीत. अशा रीतीनें असंख्य दांत गेले. १९२० सालीं केल्स ह्यांनीं ह्या प्रकारास 'युगाचा अपराध' म्हटलें, आणि असे हुकूम मानूं नका असें आपल्या व्यवसायबंधूंस बजावलें.

काळी छटा फसवी कशी असते, ह्याचें एक उदाहरण पुरे. खालच्या जबड्यांत उपदाढांच्या मुळांजवळ निसर्गतःच एक भोंक असतें; खालच्या ओठाची व हनुवटीची शीर त्यांतून बाहेर येते. चित्रांत हें भोंक कधीं नेमकें मुळाच्या टोकावर येतें, आणि हुबेहुब गळवासारखें दिसतें. अशा वेळीं जाणता दंतवैद्य प्रथम गार वस्तु लावून दांत जिवंत आहे कीं नाहीं तें पाहतो; मग नळी जराशी एका बाजूस सरकवून दुसरें चित्र घेतो. दुसऱ्या चित्रांत ठिपका मुळापासून दूर सरकला, तर तें भोंक; दांतास हात लावावयाचें कारण नाहीं.