अंधाराला सरावलेले डोळे

पुणे जिल्ह्याच्या नकाशात मुळशी तालुका शोधा. त्याच्या पूर्वेकडे हिंजवडी आहे. तेथे हजारो माणसे दिवसभर संगणकाच्या पडद्यापुढे बसून काम करतात. पश्चिमेकडे ताम्हिणी घाट आहे. तेथील रानाला २०१३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या सरी पडून गेल्या, की या बाजूच्या झाडाझुडपांवर काजवे चमकू लागतात. ते पाहायला मुद्दाम गेलेले काही जण मात्र ‘चार-दोन दिसले’ म्हणत परततात. दर वेळी काजवेच कमी असतात असे नव्हे. पुष्कळदा कारण त्यांच्या हातातच असते, ते म्हणजे मोबाईल!

हे असे का होते? उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण खरे काम दृष्टिपटलावर चालते. तेथे दोन प्रकारच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी सुमारे ६० लाख. त्या भरपूर प्रकाशात काम करतात व रंग ओळखतात. दंडाकार पेशी सुमारे १२ कोटी. त्यांना रंग कळत नाहीत, पण अगदी मंद प्रकाशही जाणवतो. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. प्रकाश पडला की ते फिके पडते आणि पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. त्यासाठी अ जीवनसत्त्व लागते. त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो तो यामुळेच. डोळे अंधाराला पुरते सरावायला जवळजवळ अर्धा तास जावा लागतो. वीस मिनिटे थांबलेल्या माणसाने नुसती वेळ पाहायला मोबाईल उघडला, तरी कमावलेल्यापैकी बरेचसे जाते.

नुकसान आपलेच होते असेही नाही. काजवा हा भुंगेऱ्यांच्या गणातला कीटक. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन हे द्रव्य असते. ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि प्रकाश पडतो. उष्णता जवळजवळ नाहीच. हा प्रकाश म्हणजे त्यांची बोली होय. अनेक जातींत नर उडता-उडता चमकतो आणि गवतात किंवा झुडपावर बसलेली मादी चमकून उत्तर देते. प्रत्येक जातीची लय निराळी. मोटारीचे दिवे किंवा बॅटरीचा झोत त्यावर पडला, की हे बोलणे बुडून जाते. काजव्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ अळीच्या रूपात, ओलसर जागी गोगलगाई खाण्यात जातो. पंख फुटल्यावर त्याला मिळतात ते थोडेच आठवडे. तेवढ्यात जोडीदार भेटला नाही, तर पुढची पिढी नाही.

दिव्यांशी मुळशीचे नाते तसे जुने, आणि कडूही आहे. मुळा नदीवर टाटांचे धरण होऊ लागले, तेव्हा जमिनी बुडणार म्हणून तेथील शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे पुढारी. तरीही धरण झालेच. त्याचे पाणी घाटाखाली भिरा येथे नेऊन वीज तयार झाली, ती मुंबईसाठी. आता तलावाच्या परिसरात बंगले व विश्रामगृहे आहेत. त्यांचे बाहेरचे दिवे मंद आणि जमिनीकडे वळवलेले असले, तरी काजव्यांना पुष्कळ फरक पडतो.

मुळशीला जाता आले नाही, तरी एक प्रयोग घरच्या गच्चीवर करता येईल. अमावास्येच्या आसपासची निरभ्र रात्र निवडा. हात लांब करून पंजा धरला की जेवढे आकाश झाकते, तेवढ्या भागातील तारे मोजा. बाहेर आल्याबरोबर एकदा, मग ५, १० आणि २० मिनिटांनी. अंधुक ताऱ्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहा. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूत दंडाकार पेशी नसतात. आकडे लिहिण्यासाठी बॅटरीवर लाल जिलेटीन कागद बांधा, कारण तांबडा प्रकाश दंडाकार पेशींना फारसा जाणवत नाही. शेवटी एक मिनिट मोबाईल पाहा आणि पुन्हा मोजा. आधीचा आकडा परत यायला किती मिनिटे लागली, ते टिपा. जमल्यास आजोबांनाही मोजायला बसवा. वयाबरोबर डोळे अंधाराला सावकाश सरावतात, त्यामुळे तुमचा तक्ता आणि त्यांचा तक्ता बहुधा जुळणार नाही.