संप : शेजारच्या घरातला एक शब्द

जर्मन आणि डच या दोन भाषा एकाच घरातल्या. तरीही जर्मन माणूस ‘मेअर’ म्हणाला, की त्याच्या डोळ्यांपुढे समुद्र असतो, आणि डच माणूस तोच शब्द तळ्याला लावतो. ‘झे’ या शब्दाची गंमत याहून मोठी. डच भाषेत तो समुद्र; जर्मन भाषेत पुल्लिंगी असला तर तळे आणि स्त्रीलिंगी असला तर समुद्र! सख्ख्या भावांनी वाटणी करताना भांडी एकमेकांच्या घरी विसरावीत, तसा हा प्रकार आहे.

परंतु श्रोतेहो, यासाठी आपल्याला युरोपात जाण्याचे कारण नाही. मराठी आणि गुजराती यांच्यामध्ये असाच एक शब्द आहे, आणि तो नेमका आमच्या कामगार चळवळीचा आहे. तो शब्द म्हणजे ‘संप’.

मला तो खरा कळला आपल्याच आडत बाजारात. हमालीच्या दराची बोलणी चालली होती. व्यापाऱ्यांच्या बाजूने एक वृद्ध गृहस्थ होते, घरी गुजराती बोलणारे. ते सहज म्हणाले, “भाऊ, तुमच्या लोकांत आहे तसा संप आमच्यात असता, तर काय पाहिजे होतं!” आमचा एक हमाल चमकून म्हणाला, “शेटजी, आमी संप अजून केलाच कुटं?” दोन्ही बाजू एकमेकांकडे पाहत राहिल्या. गुजरातीत संप म्हणजे एकोपा, सलोखा. ‘संप त्यां जंप’ अशी त्यांच्यात म्हण आहे. जिथे एकी तिथे स्वस्थता, असा तिचा भाव. मराठी कानाला मात्र ती ऐकू येते जिथे हरताळ तिथे शांतता अशी, आणि कारखानदाराला हे पटवणे कठीण!

आपल्याकडे पुष्कळांची समजूत अशी, की संप हा ‘संपणे’ या क्रियापदातून आला. काम संपले, म्हणून संप. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर अनेक गिरण्यांची धुराडी पुन्हा पेटली नाहीत. तेव्हापासून या समजुतीला फारच बळ आले. ‘संपाने गिरणी संपली’ हे वाक्य मी शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून ऐकतो. मला ते मान्य नाही. काम कायमचे संपवावे म्हणून कोणी संपावर जात नाही; काम बऱ्या अटींवर पुन्हा सुरू व्हावे म्हणून जातो. संस्कृतात ‘सम्’ म्हणजे एकत्र. ‘संपद्’ या शब्दाला आपण धनदौलत एवढाच अर्थ देतो, पण जुळून येणे, मेळ बसणे हेही त्याचे जुने अर्थ आहेत. माझ्या मते आपला संप आणि गुजराती संप या एकाच कुळातले. त्यांनी मूळ धरून ठेवले, आपण फळाला नाव दिले.

असे घडते याला इंग्लंडचा दाखला आहे. तिथे 1799 आणि 1800 साली मजुरांच्या संघटनांवर बंदी घालणारे कायदे झाले. त्या कायद्यांचे नावच ‘कॉम्बिनेशन’ म्हणजे एकत्र येणे! 1824 साली ते रद्द झाले. सरकारला भीती काम थांबण्याची होती, पण गुन्हा ठरवला तो एकत्र येण्याचा.

हरताळ हा शब्द वेगळा. हिंदी-उर्दूतला हडताल हा हाट आणि ताळे यांपासून झाला, बाजाराला कुलूप. निजामी अमलात आपल्या जिल्ह्यात सरकारदरबारची भाषा उर्दू, त्यामुळे हडताल हा शब्दही इथल्या कानांना परका नव्हता. मराठीत दुकानदार हरताळ पाळतो आणि कामगार संप करतो; हा भेद आपल्या भाषेने छान राखला आहे. ‘तत्त्वाला हरताळ फासला’ यातला हरताळ मात्र निराळाच. तो पिवळा खनिज पदार्थ. पोथीतले चुकलेले अक्षर बुजवायला लावीत.

गुजरातीशी आणखी एक घोटाळा होतो तो ‘महाजन’ शब्दाचा. अहमदाबादेत 1918 साली गिरणी कामगारांचा लढा गांधीजींनी चालवला आणि 1920 साली तिथे ‘मजूर महाजन’ ही संघटना उभी राहिली. आमच्या खेड्यातल्या माणसाला वाटेल, मजुरांचा सावकार की काय! गुजरातेत महाजन म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. अनसूयाबेन साराभाई यांच्यासारख्या गिरणीमालकाच्या बहिणीने ज्या संघटनेला आकार दिला, तिने व्यापाऱ्यांच्या पेढीवरचा शब्द उचलून मजुरांच्या हाती द्यावा, हे मला फार आवडते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने संपाची व्याख्या केली, तिच्यात काम थांबणे आहेच. पण ते अनेकांनी मिळून, समान समजुतीने थांबवलेले असावे लागते. हे सांगताना आपले वकील ‘संगनमत’ म्हणतात. या शब्दाला आपल्याकडे चोरीचा वास येतो, याचे मला वाईट वाटते. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने त्या व्याख्येत भर घातली: एखाद्या उद्योगातील निम्मे किंवा त्याहून अधिक कामगार एकाच दिवशी ठरवून नैमित्तिक रजेवर गेले, तरी तो संपच. म्हणजे रजेचा अर्ज रीतसर, रजा हक्काची, तरीही संप! एकटा कामगार त्याच दिवशी घरी राहिला, तर हजेरीपटावर त्याची फक्त रजा लागते.