विशाखापट्टणहून वऱ्हाडात

अमरावतीचे होली क्रॉस आणि अकोल्याचे माउंट कार्मेल ही नावे वऱ्हाडात सर्वतोमुखी आहेत. परंतु या शाळांमागे जी कॅथलिक शिक्षणपरंपरा उभी आहे तिचा एक मूळ प्रवाह पूर्वसमुद्राच्या काठावरून, विशाखापट्टण बंदरातून, मध्य हिंदुस्थानात आला, याचे स्मरण आपल्याकडे क्वचितच ठेवले जाते.

सव्हॉय प्रांतातील आनसी येथे पिएर मेर्मिए यांनी 1838 साली स्थापिलेल्या सेंट फ्रान्सिस द सेल्स संघाचे धर्मगुरू 1846 मध्ये विशाखापट्टणास पोहोचले, पुढच्याच वर्षी तेथे सेंट अलॉयसियस ही शाळा निघाली आणि 1849 मध्ये आनसीच्याच सेंट जोसेफ संघाच्या धर्मभगिनी त्या किनाऱ्यावर उतरल्या. विशाखापट्टणच्या या धर्मक्षेत्राची हद्द थेट नागपूर व कामठीच्या छावणीपर्यंत पसरलेली होती, आणि मुंबईहून आगगाडी नागपुरास येण्यास 1867 साल उजाडावे लागले, एवढे ध्यानी घेतले म्हणजे त्या परदेशस्थ माणसांच्या चिकाटीची कल्पना येते. नागपुरात त्यांची सेंट फ्रान्सिस द सेल्स शाळा 1870 मध्ये सुरू झाली. 1887 मध्ये नागपूर विशाखापट्टणपासून विभक्त होऊन स्वतंत्र धर्मप्रांत बनले.

वऱ्हाडचा मुलूख 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या अंमलाखाली गेला होता, आणि रेल्वे व कापूस यांनी अकोला, खामगाव, अमरावती या पेठांत नवी सुबत्ता आणली. कचेरी, अडत आणि वकिली यांना इंग्रजीची निकड भासू लागली. तथापि अमरावतीचा धर्मप्रांत अस्तित्वात आला तो 8 मे 1955 रोजी. त्याचे पहिले बिशप जोसेफ रोझारिओ हे त्याच सेल्स संघाचे होते आणि त्यांनी 1995 पर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षे, हा कारभार वाहिला. विशाखापट्टणास उतरलेल्यांचा वारसा असा शतकानंतर अमरावतीत स्थिरावला.

माझ्या मते या शाळांचे खरे श्रेय मुलींच्या शिक्षणात आहे. धर्मभगिनींच्या देखरेखीखाली मुलगी सुरक्षित राहील, या भरवशावर अनेक सनातनी घरांनी तिला बाहेर पाठविले. मात्र मराठीला तेथे मिळालेले स्थान तिच्या योग्यतेचे नव्हते, हेही मला तितक्याच आस्थेने म्हणावेसे वाटते. जुन्या दाखल-खारीज नोंदवह्या जीर्ण होण्यापूर्वी कोणा अभ्यासकाने त्या बारकाईने वाचाव्यात. कोणत्या गावची, कोणत्या व्यवसायाच्या घरची मुलगी प्रथम या वर्गांत बसली, हे वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासाला त्यांतूनच सापडेल.