विश्लेषण : चंडीगडची खुर्ची अस्सल की नक्कल? तिचे मोल कसे ठरते?

सागवानी सांगाडा, वेताने विणलेली बैठक आणि उघडलेल्या कंपाससारखे दिसणारे पाय. सरकारी कार्यालयांसाठी घडवलेली ही खुर्ची एकेकाळी भंगारात निघाली. आज परदेशातील लिलावांत तिला लाखो रुपये मोजले जातात. तशीच दिसणारी नवी खुर्चीही बाजारात सहज मिळते. मग अस्सल कोणती, हे ठरवायचे कसे?

ही खुर्ची आली कुठून?

ल कॉर्बुझिए यांनी १९५१ पासून चंडीगडची आखणी सुरू केली. त्यांचे चुलतभाऊ पिअर जॅनरे १९६५ पर्यंत तेथेच राहिले. सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, पंजाब विद्यापीठ अशा नव्या इमारतींना हजारो खुर्च्या-टेबले हवी होती. जॅनरे आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी सागवान, शिसवी आणि वेत वापरून स्वस्त, टिकाऊ फर्निचरचे आराखडे केले. वास्तुविशारद युली चौधरी या त्या सहकाऱ्यांपैकी एक.

ती परदेशी कशी गेली?

वेत फाटला, पाय डगमगला की खुर्ची अडगळीत जाई आणि पुढे सरकारी लिलावात किरकोळ भावाने विकली जाई. परदेशी व्यापाऱ्यांनी ती उचलली, दुरुस्त केली आणि युरोप-अमेरिकेच्या बाजारात मांडली. जाग आल्यावर प्रशासनाने वारसा फर्निचरची मोजदाद केली. त्यात १२ हजार ७९३ वस्तू नोंदल्या गेल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्री व निर्यातीवर बंदी घातली.

ओळखणे अवघड का?

कारण या खुर्चीवर ना सही आहे, ना एकाच कारखान्याचा शिक्का. आराखडा एक असला तरी ती अनेक सुतारांनी हाताने घडवली. त्यामुळे अस्सल खुर्च्यांच्याही मापांत, जाडीत थोडाफार फरक असतो. केवळ छायाचित्राशी ताडून पाहणे म्हणूनच पुरेसे नाही.

काय तपासावे?

खुर्ची उलटी करून पाहावी. झीज वापराशी जुळायला हवी: हातांवर तळव्यांनी आलेली चकाकी, पायांच्या टोकांना ओल आणि घासण्याच्या खुणा. सगळीकडे सारखेच ओरखडे असतील, तर ते मुद्दाम पाडलेले असू शकतात. गडद पॉलिशखाली ताजे लाकूड दिसते का, चार खुर्च्या तंतोतंत जुळ्या आहेत का, हेही बघावे. वेत नवा असणे मात्र दोष नव्हे. तो काही वर्षांनी बदलावाच लागतो.

अनेक खुर्च्यांवर कार्यालयाची आद्याक्षरे आणि क्रमांक रंगवलेले असतात. पण रंगवलेली अक्षरे नक्कल करायला सर्वांत सोपी. जुन्या सागवानातून नवी खुर्चीही बनवता येते. म्हणून निर्णायक ठरतात ती कागदपत्रे: सरकारी लिलावाची पावती, त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीची नोंद आणि दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे.

किंमत कशावर ठरते?

नमुना किती दुर्मीळ, कोणत्या इमारतीतला, मूळ लाकूड किती शिल्लक आणि कागदांची साखळी किती सलग, यांवर. दोन पाय बदललेली, तासून गुळगुळीत केलेली खुर्ची दिसायला देखणी असली तरी तिचे मोल घटते. अंदाज बांधताना विक्रेत्याने सांगितलेला भाव धरू नये. त्याच नमुन्याच्या, तशाच स्थितीतल्या खुर्चीला लिलावात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम पाहावी.

प्रतिकृती घेणे चूक का?

नाही. बंगळूरुची फँटम हँड्स, इटलीची कॅसिना यांसारख्या कंपन्या ‘नवी घडवलेली’ असे सांगूनच या घाटाचे फर्निचर विकतात. फसवणूक होते ती नवी खुर्ची जुनी म्हणून विकली जाते तेव्हा.

जुन्या खुर्चीबाबत आणखी एक प्रश्न उरतो: ती कार्यालयातून केव्हा आणि कशी बाहेर पडली? पुरावस्तू कायदा साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो. ही खुर्ची त्यात बसत नाही. पूर्वीच सरकारी लिलावात रीतसर विकल्या गेलेल्या खुर्च्या परत मागणेही त्यामुळे कठीण जाते. मात्र खुर्ची २०११ नंतर बाहेर पडली असेल किंवा चोरीची असेल, तर ती अस्सल असूनही घेणारा अडचणीत येऊ शकतो. पावतीवरची तारीख म्हणूनच आधी वाचावी.